अक्का, तुझ्या टाचेवरचा डाग

अक्का, तुझा तेरावा होऊन दोन दिवस झाले. मांडव उतरला, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली, पाहुणे आपापल्या गाडीनं गेले. मी मात्र अजून इथंच, तुझ्या धारूरच्या घरात, तुझ्या बाजेवर बसलेय. खरं तर परवाच पुण्याला निघायचं होतं. लॅबमधून सारखे फोन येतायत. दाजींनी दोनदा विचारलं, "नंदाताई, तिकीट काढून देऊ का?" दोन्ही वेळा मी उद्या बघू म्हणाले, आणि दाजींनी मान हलवून तंबाखूची डबी काढली.

जायच्या आधी एक काम उरलं होतं. रेणूला एक गोष्ट सांगायची होती. खरं म्हणजे ती तुला सांगायची होती, तू जिवंत असताना, तुझ्या तोंडावर. पावणेदोन वर्षं मी ती दाताखाली धरून बसले. काल दुपारी शेवटी तुझ्या लेकीला सांगितली, आणि त्यातून जे बाहेर आलं त्यानं माझी झोप, भूक, सगळंच गेलं. म्हणून हे तुला लिहितेय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. पण मघाशी ओसरीवर पाय ओढत कुणीतरी आल्यासारखं वाटलं, शेवटी शेवटी तुझा डावा पाय ओढत यायचा ना, अगदी तसंच, आणि मी "अक्का?" म्हणून मोठ्यानं ओरडले. शेळी दावं तोडून आली होती. माझ्या ओरडण्यानं तीच बिचारी भिंतीला जाऊन चिकटली.

तुला ती दिवाळी आठवते का, तुझ्या टाचेत काटा मोडला होता ती? किल्ल्याच्या मागच्या उतारावर सीताफळं तोडायला आपण दोघी गेलो होतो. डोळे उघडलेली तेवढीच फळं तोडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं तू मला दर वर्षी नव्यानं शिकवायचीस. जसं काही मी गावातली नव्हेच. आणि पायात चप्पल नाही! सबंध जन्मात तू चप्पल घालून डोंगर चढली नाहीस. मी बूट घातले होते म्हणून तू हसत होतीस, "नंदे, डोंगराला गुदगुल्या व्हतील की गं त्यानं." मग बाभळीचा काटा तुझ्या डाव्या टाचेत खचकन गेला आणि आत मोडला, तेव्हा मी हसले. हो, हसले मी. आपलं असंच होतं.

घरी येऊन सेफ्टी पिनेनं काटा मी काढला. मग तू म्हणालीस, "देवळीत बिब्बा हाय, आण." मी म्हटलं, अक्का, डेटॉल लावू, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊ. तू म्हणालीस, "ते बी घिऊ. आदी बिब्बा दे." आईनं आपल्याला दिला, आजीनं आईला दिला, काटा मोडला की तळव्याला बिब्ब्याचा चटका द्यायचाच. मग मी सुई बिब्ब्यात खुपसली, चुलीवर धरली, तेल सुर्र करून सुईच्या टोकाशी आलं, आणि ते मी तुझ्या टाचेवर टेकवलं. तू हूं की चूं केलं नाहीस. वर मलाच बोललीस, "हात कावून कापतो गं? पुण्याला जाऊन हातच गेला व्हय तुझा?" ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका उठला. दुसऱ्या दिवशी मी बसनं निघून गेले.

आता पुढची दिवाळी. मला नेमकी तीच सांगायची आहे, त्यामुळे मध्ये बोलू नकोस.

तू ओसरीवर पाय पसरून बसली होतीस, पाटीत सीताफळं लावत होतीस. खाली पाचट, मग फळं, मग पुन्हा पाचट. मी समोर चहा पीत होते. तुझा डावा तळवा सरळ माझ्याकडं होता. टाचेवर चिंचोक्याएवढा डाग होता. मध्ये काळा, कडेनं तपकिरी, एका बाजूला जरा निळसर, आणि काठ सरळ नाही, ओल पसरावी तसा एकीकडं वाहत गेलेला. मी विचारलं, "हे काय गं?" तू वर न बघताच म्हणालीस, "तुझाच बिब्बा. लई जड हात तुझा. मोठी डॉक्टरीन, आन सही बघ कुठं केली!"

मी हसले. आणि अक्का, इथंच ते आहे. सगळं इथंच आहे.

कारण बिब्ब्याचा डाग वर्षभर टिकत नाही. तळव्याची कातडी झडत असते, महिन्या-दीड महिन्यात डाग आपोआप जातो. हे मला कळायला पीएचडी लागत नव्हती, तुलाही माहीत होतं, आपण दोघींनी लहानपणापासून दहादा बिब्बे घेतले होते. आणि मी तर रोज त्याच रोगाच्या पेशी घेऊन बसणारी बाई. कातडीला रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांचा कॅन्सर, हाच माझा विषय. तो गोऱ्या लोकांना उन्हानं होतो, आपल्याकडं क्वचित, आणि आपल्याकडं झाला तर तळव्यावर नाहीतर नखाखाली होतो. हे वाक्य मी पोरांना दर वर्षी शिकवते. तसल्याच डागाचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवते. काठ कसा बघायचा, रंग कसे मोजायचे ते काठीनं दाखवते. तुझ्या ओसरीवर माझ्या डोळ्यानं तो काठ मोजला, तिन्ही रंग मोजले. मला त्या क्षणी शंका आली होती. पुरती, धडधडीत शंका आली होती.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "पाय आत घे, मुंग्या चढतायत."

का, ते मी स्वतःला पावणेदोन वर्षं विचारतेय. कधी वाटतं, घाबरले. कधी वाटतं, चहा गरम होता, दाजी हसत होते, रेणू नवी ओढणी दाखवत होती, त्या सगळ्यात तो शब्द बाहेर काढायला जीभच उचलेना. आणि खरं सांगू का? मला वाटलं, असलं माझ्या लॅबमधल्या डिशमध्ये असतं, आपल्या घरात नसतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसले आणि ठरवलं, पुढच्या खेपेला नीट बघू. मांजरसुंबा यायच्या आधी मी झोपलेसुद्धा होते.

पुढचं तुला माहीतच आहे. जूनमध्ये तुझा फोन आला, "जांघेत अवधान आलंय. टाचंला भेग पडलीय, त्याचं आसंल." पायाला काही लागलं की जांघेत गाठ येते, आपल्याकडं कुणालाही विचारा, अवधानच म्हणतील. तुझ्या चुलत सासूनं हळद-चुना लावला. मी फोनवर गोळी सांगितली. तेव्हासुद्धा, अक्का! तेव्हासुद्धा मी टाचेबद्दल विचारलं नाही. गाठ महिनाभर उतरली नाही म्हणून दाजींनी तुला अंबाजोगाईला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी ताबडतोब तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट दाजींनी मला मोबाईलवर धाडला. खाली लिहिलं होतं, "हे तुमच्याच अभ्यासातलं दिसतंय. काळजीचं नाही ना?" मी तो लॅबमध्ये उभ्यानं वाचला. हातात डिश होती, डिशमध्ये त्याच पेशी होत्या. डिश मी जागेवर ठेवली, इनक्युबेटरचं दार नीट लावलं, मग जिन्यात जाऊन बसले.

पुण्याला आल्यावर टाच कापून काढली, मांडीची कातडी तिथं लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. तरी पुढच्या तपासणीत फुप्फुसात आणि यकृतात गाठी दिसल्याच. तुझा प्रश्न एकच, "पायाचं पोटात कसं गेलं?" डॉक्टर घाईत होते, मग मला विचारलंस. मी तुला पलंगावर बसून समजावलं ते आठवतं का? म्हटलं, पेशी स्वतःच्या मनानं वाढत नाही. बाहेरून निरोप येतो, पेशीच्या अंगावर तो घ्यायला एक जागा असते, तिथून तो आत एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं जातो, आणि शेवटी मधल्या गाभ्यात पोचतो: वाढ. निरोप थांबला की वाढही थांबते. तुझ्यात या साखळीतला एक जण बिघडलाय. बाहेरून कुणी काही सांगितलेलं नाही, तरी तो आपला आत सारखा सांगतोच आहे, वाढ, वाढ.

तू जरा विचार करून म्हणालीस, "म्हंजे दवंडीवाला येडा झाला. सरपंचानं सांगितलंच न्हाई आन ह्यो गल्लीगल्ली बोंबलत सुटलाय." शेजारच्या पलंगावरची बाई हसली. मी वीस वर्षं पोरांना शिकवतेय, इतकं नीट मला कधी सांगता आलं नाही.

मग मी पुढचं सांगितलं. रंगाची पेशी कातडीत एकटी नसते, शेजारणींचा हात धरून बसलेली असते, आणि शेजारणी तिला ताब्यात ठेवतात, बाई, बस आता. रोग टाचेत होता तोवर ती जागा धरून होती. मग तिनं शेजारणींचा हात सोडला. त्यांचे निरोप ऐकणं बंद केलं. चालायला लागली, जांघेत मुक्काम केला, तिथून फुप्फुस, तिथून यकृत. नव्या जागी गेली की तिथल्या पेशींचे निरोप ऐकायला शिकते, त्यांनाच कामाला लावते. टाचेतली आणि यकृतातली, पेशी एकाच वंशाच्या, पण बोलणं बदललेलं. म्हणून टाचेवरचा इलाज तिथं पुरत नाही.

तू विचारलंस, "त्यांना कळतं का गं, ज्या घरात ऱ्हातोय तेच पाडतोय म्हणून?" मी म्हटलं, पेशींना कुठलं आलंय कळणं. तू म्हणालीस, "मंग निरोप कशाचे देत्यात? देणाऱ्याला काय देतोय ते कळत न्हाई, आसं कुठं आसतंय व्हय?" मी म्हटलं, असतं. तू म्हणालीस, न्हाई. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि आपलं भांडण तिथंच राहिलं. मी मागच्या पंधरा दिवसांत ते तुझ्याशी मनात किती वेळा भांडलेय. दर वेळी तूच जिंकतेस.

ज्या बिघाडावर गोळी निघाली आहे, तो बिघाड मी बारा वर्षं अभ्यासला. तुझ्यात तो नव्हता. तळव्यावरच्या या रोगात बहुतेक वेळा नसतोच, तुझा बिघाड साखळीत दुसरीकडं होता. निरोपाचा रस्ता बंद करणारं दुसरं औषध दिलं, गाठी चार महिने ओसरल्या, तू दोन किलो वजन वाढवून दाजींना चिडवलंस. मग पुन्हा आल्या. "रस्ता बंद केला होता ना तुमी?" असं तू मलाच दरडावलंस, जशी काही मी बांधकाम खात्यात आहे. मी म्हटलं, घाटात ट्रक आडवा झाला की गाड्या सिरसाळ्यावरून वळतात, तसं आहे. निरोपानं दुसरी वाट काढली. "हुशार हाय की मग," तू म्हणालीस. तुला रोगाचंसुद्धा कौतुक वाटायचं, मला त्याचा लई राग यायचा.

तुला लॅब दाखवायला नेलं तो दिवस. तू साडीवर पांढरा कोट घालून आरशात बघितलंस आणि खुश झालीस. मायक्रोस्कोपला डोळा लावलास, कितीतरी वेळ हलली नाहीस.

"ह्या त्याच व्हय?"

"तशाच. तुझ्या नाहीत, दुसऱ्या कुणाच्या."

"ते मानूस कुठं हाय?"

"गेलं. लई वर्षं झाली."

"मानूस गेलं, आन ह्या कावून जित्या?"

"मी एक दिवसाआड खायला घालते म्हणून."

तू डोळा बाजूला घेतलास आणि माझ्याकडं बघत राहिलीस. "भवाने, परक्या मेलेल्याला एक दिवसाआड निवद दाखवतीस, आन आईच्या पित्राला तुला सुट्टी भेटत न्हाई." मग परत जाताना, जिन्यात माझा हात धरून, "माझं काही ठिवू नको हां इथं. जाईन तवा सगळी जाईन." मी ठेवलं नाही. पण आता परत जाऊन त्या डिश उघडायच्या आहेत आणि मला भीती वाटतेय. भिंगाखाली काहीतरी हललं की मला तू दिसणार.

शेवटचा आठवडा तू घरी काढलास, तुझ्याच हट्टानं. गुरुवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते, मी तुला चमच्यानं पेज भरवत होते. तू चमचा बाजूला केलास. म्हणालीस, "नंदे, तुझं काही चुकलं न्हाई. ध्येनात ठिव." मला वाटलं, तुला सगळं कळलंय. त्या दिवाळीत माझ्या डोळ्यानं काय मोजलं होतं ते तू ओळखलंस, आणि मला माफ करून चाललीस. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "गप, पेज गार होतेय." ते बोलणं पुढं नेलं नाही. उलट मनात कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं, लाज वाटते सांगायला. तू गेल्यावर मी त्याच एका वाक्यावर उभी होते. रडू आलं की तेच आठवायचे, अक्कानं माफ केलंय.

तू दाजींच्या आधी गेलीस, सवाष्ण गेलीस. हिरवं पातळ, मळवट, ओटी. गावातल्या बाया रांगेनं येऊन तुझ्या पायावर डोकं ठेवत होत्या, असं मरण मिळावं म्हणून. मी उशाशी बसून बघत होते. एकेक बाई वाकायची, जोडव्यांना हात लावायची, कपाळ टेकवायची आणि उठायची. आपल्याकडं पाया पडायचं म्हणजे पाय वरून बघायचे. तळवा कोण बघतंय? तुला शेवटची अंघोळ घालताना मी तुझी टाच पाहिली होती, मांडीच्या कातडीचं ठिगळ लावलेली, गुळगुळीत, भेगा नसलेली, कुणाचीतरी वेगळीच टाच. त्या दिवसापासून मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. तेराव्याच्या पंगतीत वाढायला उभी राहिले आणि मांडी घालून बसलेल्यांचे फक्त तळवे बघत राहिले. एका म्हातारीनं पदर ओढून पाय झाकले.

रागही येतो तुझा. तू सातवीतून शाळा सोडलीस आणि मला अकरावीला अंबाजोगाईला ठेवायचं म्हणून आपल्या आबांशी तीन दिवस अबोला धरलास, भाकरी थापायचीस पण वाढायची नाहीस. माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही तुझी. बीडला परीक्षेला गेले तेव्हा माझ्या आधी बसमध्ये चढून खिडकीच्या जागेवर रुमाल टाकणारी तूच. तुझ्या जिवावर मी जे शिकले ते नेमकं तुझ्या पायाशी येऊन मुकं झालं. हे मला कुणाला सांगता येत नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून काल रेणूला सांगायचं ठरवलं. ती एकोणीस वर्षांची आहे, तिला आता मावशीशिवाय दुसरी आई नाही. ऐकल्यावर मावशीही नको झाली तर? या भीतीनं मी दोन दिवस तिच्या मागंमागं फिरले, भांडी घासू लागले, नको तिथं तिचे केस विंचरून दिले.

काल दुपारी दाजी वावरात होते. ओसरीवर आम्ही दोघीच. मी सुरुवात केली, "रेणू, त्या दिवाळीला तुझ्या आईच्या टाचेवर डाग होता..."

ती एकदम म्हणाली, "मावशी, तू मनाला लावून घिऊ नको. बिब्बा काय तू वाईटासाठी दिलता का?"

मी म्हटलं, "बिब्ब्याचा काय संबंध?"

मग ती बोलली, अक्का. खाली मान घालून, फरशीवर बोटानं रेघा ओढत. संक्रांतीच्या आधी तुझ्या टाचेतून रक्त आलं होतं. चादरीला लागलं होतं. रोज रात्री जेवणं झाल्यावर तीच तुझे पाय चेपायची, डाग वाढताना तिनं बघितला होता. ती मला फोन लावायला निघाली तर तू तिच्या हातातून मोबाईल काढून घेतलास. म्हणालीस, "मावशीला सांगायचं न्हाई. तिनं बिब्बा दिलता, तो उतलाय, त्यानं चिघळलंय. तिला कळलं तर पोरगी जल्मभर लावून घील. माझ्या गळ्याची शप्पथ हाय तुला." आणि रेणूनं शपथ पाळली. संक्रांत ते जून. पुढं पुण्यालाही पाळली, तू गेल्यावरही पाळली. पोरीनं दीड वर्ष मनात धरलं होतं की आईचं हे मावशीच्या हातानं झालं, आणि त्या मावशीच्या ताटात ती गरम भाकरी वाढत होती.

मी भिंतीला टेकले. तेव्हा मला कळलं, गुरुवारी तू मला काय माफ केलंस ते. बिब्बा माफ केलास! जे मी केलंच नव्हतं ते तू मोठ्या मनानं माफ करून गेलीस, आणि जे केलं ते तुला माहीतही नव्हतं. पंधरा दिवस मी ज्या वाक्यावर उभी होते ते माझं नव्हतंच. अगं बाई, तुला एकदा तरी विचारता आलं नाही? "नंदे, बिब्ब्यानं आसं व्हतं का?" एवढंच. मी हसून नाही म्हटलं असतं. पण मी तरी कुठं विचारू दिलं? टाच, डाग, दिवाळी, त्यातलं काही निघालं की मी विषय बदलायचे. बिब्ब्याचं नाव निघालं की माझं बिंग फुटेल म्हणून मी गप्प, आणि मला लागेल म्हणून तू गप्प. मध्ये पोरगी शपथेत अडकलेली. आणि मी जगाला निरोप कसे जातात ते शिकवते.

मी रेणूला म्हटलं, "बिब्ब्यानं हा रोग होत नाही. असं कुठंच नाही. हे मनातून काढून टाक." तिचा चेहरा सैल झाला, खरंच, लहानपणी झोपेतून उठायची तसा. तिथं मी थांबू शकले असते. अक्का, त्या क्षणी मला किती वाटलं, थांबावं. आता कुणालाच काही कळणार नव्हतं, तुलाही नाही. पण मी म्हटलं, "रेणू, त्याहून वाईट आहे. तू डाग बघितलास, पण तुला तो ओळखू येत नव्हता. मी बघितला, आणि मला ओळखू आला होता. मी बोलले नाही." आणि सगळं सांगितलं. मुंग्यांचंसुद्धा सांगितलं.

अंगणात कोंबड्या उकरत होत्या. मी वाट बघत होते, तिनं ओरडावं, उठून जावं, काहीतरी फेकून मारावं. ती उठली. घरात गेली. मला वाटलं, संपलं. मग ती मोबाईलचा टॉर्च लावून बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसली.

"पाय दाखव," म्हणाली.

"कावून गं?"

"दाखव म्हणते ना."

मी पाय पुढं केले. तिनं दोन्ही तळव्यांवर उजेड धरला, टाचा बघितल्या, बोटांच्या बेचक्या एकेक उघडून बघितल्या, नखं बघितली. हात गार होते तिचे. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसत नव्हती. "न्हाई काही," म्हणाली. मग तिथंच बसकण मारून तिनं स्वतःचा पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"आता माझा बघ. आन दिसलं तर बोल."

अक्का, तिची टाच तुझीच आहे गं. तशीच रुंद, तशाच भेगा, तीही अनवाणीच हिंडते. आणि टाचेवर काळं होतं. माझा हात पुढं जाईना. मग मी ओढणीचं टोक ओलं केलं आणि पुसलं. चिखल होता. सकाळी वावरात गेली होती, त्याचा वाळलेला चिखल. खाली कोरी कातडी होती. तरी मी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसायला लागले तेव्हा रेणू म्हणाली, "मावशी, दुखतंय."